तालमीत उरकलेला मुहूर्त

मंडळाच्या कोजागिरीला, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत मी एक किस्सा रंगवून सांगत आलो आहे. एका शेठजींनी दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला आपल्या नव्या वेबसाइटची पूजा केली, नारळ फोडला, पेढे वाटले, गावोगावच्या दुकानदारांकडून ऑर्डरी घेतल्या, आणि मग कळलं की ती वेबसाइट खरी नव्हतीच. लोक पोट धरून हसतात. मग कुणीतरी विचारतं, "पण असं झालं कसं?" मी म्हणतो, "अहो, ऑफिसात एक मुलगी होती. तिच्याकडून एक पट्टी लावायची राहून गेली."

हे शेवटचं वाक्य सोडलं तर किस्सा अक्षरशः खरा आहे.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक बरीच वर्षं माझ्या मागे आहेत. 'कामातले गमतीचे अनुभव लिहा' म्हणतात. दरवेळी मी डोळ्यांचं कारण सांगत आलो. माझे डोळे ठणठणीत आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून तर समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण कोणती भाजी निवडतंय तेही दिसतं. लिहायला बसलो असतो तर ते शेवटचं वाक्य कागदावर उतरवावं लागलं असतं, आणि तोंडी थाप मारणं वेगळं, छापून थाप मारणं वेगळं. म्हणून टाळलं. आता लिहितो.

आधी कामाविषयी थोडं सांगतो. मी मूळचा धुळ्याकडचा. सुरतेत आलो तो एका कापड गिरणीच्या कचेरीत, कॉम्प्युटरवर पगारपत्रकं करायला. तिथून निवृत्त झालो आणि घरी बसून पत्नीला स्वयंपाकाबाबत सूचना द्यायला लागलो. काही दिवस तिनं ऐकून घेतलं. मग एका सकाळी डबा भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा." "कुठे?" म्हटलं, तर म्हणाली, "कुठेही."

मी गेलो शेजारच्या जिग्नेशभाईंकडे. रिंग रोडवर एका कापड मार्केटच्या मागे त्यांचं वेबसाइटी बनवायचं ऑफिस होतं. म्हणाले, "मधुभाई, असाच माणूस मला पाहिजे होता. आमची पोरं साइट बनवतात, त्यांना सगळं समजतं. तुम्हाला जे समजणार नाही ते माझ्या पार्टीलाही समजणार नाही. तुम्ही नुसतं बसून बटणं दाबायची आणि काय समजलं नाही ते सांगायचं." सुरतेत गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. अज्ञानाच्या जोरावर मिळालेली माझी ही आयुष्यातली पहिलीच नोकरी. पुढे हळूहळू सर्व्हरचंही काम शिकलो, पण जिग्नेशभाईंना ते फारसं आवडलं नसावं.

आता 'स्टेजिंग'. हा शब्द या लेखात सारखा येण्यापेक्षा मी आपला शब्द वापरतो, रंगीत तालीम. नाटकाच्या रंगीत तालमीला कपडे खरे, दिवे खरे, नटाचा बसलेला घसाही खरा. नसतो फक्त तिकीट काढून आलेला प्रेक्षक. वेबसाइटचंही तसंच. पोरं आपापल्या कॉम्प्युटरवर ती बनवतात. लोकांसमोर उघडण्याआधी ती अशा एका जागी मांडायची की जिथे सगळं हुबेहूब खऱ्यासारखं असेल. तिथे अडखळून घ्यायचं, पडून घ्यायचं. पार्टीला हे समजावताना मी म्हणायचो, "शेठ, मिलमध्ये लॉट छापायच्या आधी हातभर तुकडा छापून रंग बघता की नाही? हा तो तुकडा." सुरतेत याहून जास्त सांगावं लागत नाही.

तरी लोक गोंधळायचेच. एका चष्म्याच्या दुकानदाराला आम्ही तालीम दाखवली. मजकूर तयार नसला की त्या जागी अर्थहीन लॅटिन शब्द भरून ठेवायची या धंद्यात पद्धत आहे. तो चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "हा कुठल्या पार्टीचा माल माझ्या दुकानात भरला? आधी खाली करा." एक जरीवाले होते. त्यांना सांगितलं की तुमच्या साइटची एक कॉपी आम्ही वेगळी ठेवली आहे. ते उठून उभेच राहिले. "कॉपी? माझ्या डिझाइनची? कोणाला दिली?" सुरतेच्या बाजारात 'कॉपी' शब्द ऐकून व्यापारी बसून राहील हे शक्यच नाही. त्यांना चहा पाजून पुन्हा बसवायला दुपार गेली.

ही तालमीची जागा आमच्याकडे मुळात नव्हती. ती आणली वैशालीनं.

तिचं नाव मी बदललेलं नाही. बदललं तर लिहून उपयोग काय? शेठजींचं नाव मात्र बदललं आहे, कारण ते अजून धंद्यात आहेत.

वैशाली सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतली. वडील पॉवरलूमवर, आई घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवायची. पोरगी कॉम्प्युटरचं रीतसर शिकलेली, कामाला वाघीण आणि जिभेनं त्याहून. ऑफिसातल्या पोरांशी गुजराती, पार्टीशी हिंदी आणि माझी फिरकी घ्यायची असली की अहिराणी, म्हणजे बाकीच्यांना कळायला नको. "काका, हाई बटन कसाले दाबं?" असं ओरडली की समजायचं, मी काहीतरी उडवलं आहे.

ती येण्याआधी आम्ही चालू साइटवरच दुरुस्त्या करत असू. चालत्या रिक्षाचं चाक बदलण्यातला प्रकार. तिनं जिग्नेशभाईंपाशी वेगळ्या सर्व्हरचा हट्ट धरला.

"त्याचं भाडं कोण देणार? तुझे पप्पा?"

"देतील ना. मग नफाही पप्पांनाच द्या."

सर्व्हर आला. तिनं त्याचे नियम लावले. तालमीला कुलूप, म्हणजे पासवर्ड असल्याशिवाय बाहेरच्याला ती उघडणार नाही. तालमीतून कुणाला खरा मेसेज जाता कामा नये, म्हणून सगळे मेसेज ऑफिसातल्या एका जुन्या फोनवर वळवलेले. तो फोन तिच्या टेबलाच्या खणात पडून असे. आणि चाचणी करताना आम्ही खोट्या ऑर्डरींचा जो कचरा करू तो साठू नये, म्हणून दर सोमवारी सकाळी तालीम आपोआप पुसून कोरी व्हायची. घंटागाडी चुकेल, पण वैशालीची सफाई चुकायची नाही.

आणि पट्टी. ती आली एका मिठाईवाल्यामुळे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत घारी ही मिठाई खायचा चंदनी पडवा असतो; त्याच्या आधी त्यांच्या साइटची तालीम चालू होती. त्यांनी पासवर्ड कौतुकानं मेहुणीला दिला, मेहुणीनं तिथे घारी मागवली, आणि सुरतेत ज्या दिवशी भिकाऱ्याच्या घरीही घारी असते त्या दिवशी ती बाई दाराकडे डोळे लावून बसली. मिठाईवाले आठवडाभर सासुरवाडीला जाऊ शकले नाहीत. तेव्हा वैशालीनं तालमीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक रुंद पिवळी पट्टी ठोकली. त्यावर हिंदीत आणि गुजरातीत ठळक लिहिलेलं, 'ही तालीम आहे. इथे ऑर्डर देऊ नका.'

त्या पट्टीचा सगळ्यांत मोठा भक्त मी. ऑफिसात नवीन पोरगा आला की मी त्याला समोर बसवून सांगायचो, "बाकी काहीही मोड, पण पट्टीला हात लावायचा नाही. पट्टी ही ऑफिसची अब्रू आहे." वैशाली मागून म्हणायची, "काका, तिला हार घालू का?"

रमणशेठ साड्यांचे होलसेल व्यापारी. त्यांची साइट दिवाळीआधीच तयार झाली होती, अडली होती फक्त बापुजींसाठी. पहिल्या पानावर स्वर्गवासी वडिलांचा फोटो हवा, पण पगडीवाला की बिनपगडीचा, हे घरात ठरत नव्हतं. आई एकीकडे, भाऊ दुसरीकडे. आम्ही म्हटलं, फोटो नंतर टाकू. शेठ म्हणाले, "बापुजी वगर दुकान केम खुले?" बापुजींवाचून दुकान उघडणार नाही, हे पक्कं झालं. वैशालीनं तालमीत दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून ठेवले, म्हणजे बघून एक निवडतील. खरी साइट देवदिवाळीनंतर उघडायची असं ठरलं.

जिग्नेशभाईंनी तिला सगळ्यांसमोर शब्द दिला होता की हे काम नीट उतरलं की सर्व्हरचा सगळा कारभार तुझा, हाताखाली माणसंही तुझी. त्या भरवशावर तिनं आईला सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर स्टोन बंद. आईचे डोळे त्या कामानं पार लाल झालेले असायचे. मला हे सगळं माहीत होतं, कारण तिनं पहिल्यांदा मलाच सांगितलं.

दिवाळीला ती शहाद्याकडे गावी गेली. शेठच्या घरून फोटोविषयी निरोप येत राहणार, म्हणून लॅपटॉप सोबत नेला. जाताना मला म्हणाली, "काका, लाभपाचमेला शेठ काहीतरी हट्ट धरतील. धरला तर मला फोन करा. तुम्ही स्वतः काही करू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तसं असतं तर बरं झालं असतं. बाळ सर्व्हरला हात लावत नाही."

लाभपाचमेला सुरतेचा बाजार दिवाळीची सुट्टी संपवून उघडतो. त्या दिवशी प्रत्येक व्यापारी मुहूर्ताचा सौदा करतो, मग तो एका साडीचा का असेना. सकाळीच रमणशेठचा फोन आला. "मधुभाई, लॅपटॉप लईने आवी जाओ." जिग्नेशभाई सहकुटुंब देवाला गेलेले. ऑफिस बंद. मी माझा लॅपटॉप घेऊन निघालो.

दुकानाच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर सगळं कुटुंब बसलेलं. मध्ये शेठच्या आई, त्यांना सगळे बा म्हणत. पूजेचे महाराज घड्याळ बघत होते, कारण शुभ चौघडिया सरत आला होता. मी शेठना बाजूला घेऊन सांगितलं की खरी साइट अजून उघडलेली नाही.

"फक्त दाखवा तर खरं."

मी तालीम उघडून लॅपटॉप गादीवर ठेवला. पहिल्या पानावर दोन बापुजी. बांनी पदर डोळ्यांना लावला. "बे बे बापुजी!" भाऊही गहिवरले. महिनाभर चाललेलं भांडण तिथल्या तिथे मिटलं, दोघंही राहू देत असं ठरलं. महाराजांनी मंत्र सुरू केला. तेवढ्यात शेठचा पुतण्या, नुकता वाचायला शिकल्यासारखा, मोठ्यानं वाचू लागला, "यहाँ ऑर्डर मत दीजिए."

मंत्र थांबला.

"आ पीळी पट्टी शुं छे?" शेठ म्हणाले.

मी सांगायला लागलो, पण बांचा आवाज माझ्यावर चढला. "सपरमा दहाडे आवुं कोण लखे? ऑर्डर ना आपशो?" सणाचा दिवस, वर्षाचा पहिला सौदा, समोर लक्ष्मीचा फोटो आणि दुकानाच्या कपाळावर पिवळ्या रंगात लिहिलेलं, इथे काही मागू नका. माझ्याही अंगावर काटा आला. शेठ हात जोडून म्हणाले, "मधुभाई, काढी नाखो ने. पूजा पूरती."

मी खिशातून फोन काढला. वैशालीचा नंबर समोर आणला. ती 'नाही' म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणून लावला नाही.

लॅपटॉप स्वतःकडे फिरवला, सर्व्हरवर शिरलो आणि पट्टी काढली. मिनिटाचं काम. लॅपटॉप परत फिरवला तेव्हा अख्खी गादी माझ्याकडे अशी बघत होती जशी जादूगाराकडे बघतात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. गिरणीत इतकी वर्षं पगारपत्रकं केली, कुणी असं बघितलं नव्हतं. मग पुतण्या म्हणाला की माझ्या फोनवर साइट उघडत नाही, पासवर्ड मागते. तेव्हा मी त्याच जोशात कुलूपही उघडलं.

लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, निघाला. नारळ फुटला. शेठनी पहिली ऑर्डर स्वतःच दिली. मग विचारलं, "मधुभाई, साइट चालू ने?"

मी म्हणालो, "चालू."

घरी आलो मोहनथाळाचा डबा आणि पत्नीसाठी साडी घेऊन. संध्याकाळी पट्टी परत लावायची होती. ती लावायला मी विसरलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. विसरलो नव्हतो. जेवताना आठवलं, तेव्हा वाटलं, उद्या लावू. दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा वाटलं, ऑफिसच्या सुट्टीत कोण बघतंय. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले.

इकडे शेठनी ती लिंक आपल्या सगळ्या दुकानदारांना पाठवली होती. अकोला, मालेगाव, खंडवा, कुठे कुठे. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त तोंडावर होते. लोकांनी भराभर ऑर्डरी दिल्या. दुसऱ्या कुठल्या धंद्यात पैसे अडकले असते आणि बोभाटा तिथेच झाला असता. पण सुरतेचा कापडबाजार उधारीवर चालतो. पैसे कुणीच भरत नव्हतं, त्यामुळे खोट्या दुकानात आणि खऱ्या दुकानात फरक कळायला काही मार्गच नव्हता. प्रत्येक ऑर्डरीला पडद्यावर 'धन्यवाद' यायचं, आणि तिचा मेसेज बंद ऑफिसातल्या बंद खणात जाऊन पडायचा. सोमवार उजाडला. सफाई झाली. वर्षाचा पहिला सौदा, त्याच्या मागोमाग आलेले सगळे सौदे, कोरे.

ऑफिस उघडल्यावर काही दिवसांनी रमणशेठ एकटेच आले. चेहरा पडलेला. अकोल्याच्या एक दुकानदारीणबाई फोनवर त्यांना म्हणाल्या होत्या, "शेठ, नवरी अंतरपाटाशी उभी राहिली, साड्या काय बारशाला पाठवता?"

जिग्नेशभाईंनी मला आणि वैशालीला केबिनमध्ये बोलावलं. "पट्टी कुठे गेली?"

"मी गावी जाताना होती," वैशाली म्हणाली.

त्यांनी सर्व्हरवरची नोंद उघडून बघितली. पट्टी काढल्याच्या ठिकाणी वैशालीचं नाव होतं. असणारच. सर्व्हर तिनं उभा केला, म्हणून आम्ही सगळे तिच्याच नावानं आत शिरायचो. तुमचं वेगळं नाव काढून घ्या, असं ती मला कितीदा म्हणाली होती. मी आळस केला.

"मी त्या दिवशी गावी होते, भाई."

"लॅपटॉप होता ना सोबत? फोटो बदलत होतीस ना तिकडून? चुकून निघाली असेल." मग ते माझ्याकडे वळले. "मधुभाई, तुम्ही शेठना दाखवलं तेव्हा पट्टी होती?"

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही. घरातलं मोठं माणूस आता बोलेल आणि विषय संपेल, अशा विश्वासानं.

मी शेठकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. पट्टी त्यांनीच काढायला लावली होती. पण तसं म्हटलं असतं तर खोट्या दुकानाचा मुहूर्त आपल्याच हट्टानं केला, हे बाजारात पसरलं असतं. जुने व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, तोंडानं एक शब्द नाही. तसा आमचा सौदा त्या केबिनमध्ये झाला. रुमालसुद्धा लागला नाही.

मी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा पुसणं फार सोयीचं असतं. तेवढा वेळ समोरचं काही दिसत नाही. म्हणालो, "लक्षात नाही."

शेठ उदारपणे म्हणाले, "जवा दो, जिग्नेशभाई. छोकरी छे, भूल थई जाय."

वैशालीनं खणातला तो जुना फोन बाहेर काढला आणि चार्जिंगला लावला. तो जिवंत झाला तसे मेसेज पडायला लागले. त्यांत कोण आणि कुठलं एवढंच होतं, काय मागवलं ते नव्हतं. तिनं एकेकाला फोन लावायला घेतला. मी शेजारी बसून तिला पाणी द्यायचो, याहून जास्त काही करायची लायकी नव्हती. मालेगावचे एक दुकानदार म्हणाले, "ताई, तुमच्याकडून पुसलं गेलं ते फार बेस झालं. मी जांभळ्या लिहिल्या होत्या, बायको म्हणते राणी कलर चालतो." बहुतेकांनी दुसऱ्यांदा सांगताना जास्तच माल सांगितला. शेठ खूश. जिग्नेशभाई खूश. बाजारात दोन बापुजींच्या साइटची चर्चा झाली ती वेगळीच.

नुकसान एकीचंच झालं. सर्व्हरचा कारभार दुसऱ्या एका पोराला मिळाला. जी जागा तिनं भांडून आणली, तिथे शिरायला तिला त्याच्याकडे पासवर्ड मागावा लागे. तिच्या घरी स्टोन चालूच राहिले. होळीच्या आसपास तिनं नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, तुम्हाला खरंच लक्षात नव्हतं?"

"वय झालं गं," मी म्हणालो.

ती हसली आणि गेली.

त्यानंतर ऑफिसात काहीही बिघडलं की पोरं म्हणायची, "वैशाली झाली." काही महिन्यांत तो शब्दच रुळला. तिला कधीही न पाहिलेली पोरंसुद्धा म्हणायची. मी हसायचो. एकदा तर मीच म्हणालो. आणि पुढे कोजागिरीला, पंगतीला, दातांच्या डॉक्टरकडे काय सांगत आलो, ते वर लिहिलंच आहे.

तर मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी तो किस्सा माझ्या तोंडून ऐकला, त्यांनी दुरुस्ती करून घ्यावी. पट्टी मी काढली. कुलूप मी उघडलं. विचारल्यावर खोटं मी बोललो. वैशालीची चूक असलीच तर एवढीच की तिनं माझ्यासारख्या माणसाला पासवर्ड दिला. बाहेरगावचे कुणी हा किस्सा पुढे सांगणार असतील तर खुशाल सांगा, मात्र मुलगी काढा आणि म्हातारा घाला. हशा तेवढाच मिळेल, मी खात्री देतो.

हे लिहिण्याआधी तिला सांगावं म्हणून यंदा गणपती झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. पर्वत पाटिया भागात एका मोबाइलच्या दुकानाच्या वर आता तिचं स्वतःचं ऑफिस आहे. रिक्षात वाक्य घोकत गेलो. लांबलचक वाक्यं आधी केली, मग एकेक शब्द गाळत आलो, शेवटी 'वैशाली, पट्टी मी काढली होती, मला माफ कर' एवढंच उरलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला वाटलं असेल, काका कुणाला तरी मागणी घालायला चाललेत.

"अरे काका! बठा, बठा ना!" तिनं खुर्ची पुढे केली. केस थोडे पांढरे झालेत, जीभ तशीच. समोर एक पार्टी बसली होती. तिनं माझी ओळख करून दिली, "हे महाजनकाका. तालमीची शिस्त मी यांच्याकडून शिकले. आमच्याकडे नवीन मुली आल्या की मी अजून काकांसारखंच दटावते." त्या गृहस्थांनी मला वाकून नमस्कार केला. आता त्यांच्यासमोर काय बोलणार?

ते गेले. चहा आला. आईचं विचारलं. "स्टोन कधीच सोडले तिनं. आता दिवसभर मालिका बघते आणि सुनांच्या साड्यांवर कुठला स्टोन पडायला आलाय ते मला सांगते." दोघं हसलो. मग मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "वैशाली, ते रमणशेठचं..."

"अहो, शेठ आता माझीच पार्टी आहेत! तुमची फार आठवण काढतात. मधुभाई बहु सारा माणस, फार भला माणूस, म्हणतात." आणि ती माझ्याकडे बघत राहिली. फोन वाजत नव्हता, दारात कुणी नव्हतं. तिनं मला भरपूर वेळ दिला, हे मला प्रामाणिकपणे लिहिलंच पाहिजे.

"तब्येत बरी आहे ना त्यांची?" मी विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली.

नंतर पावसाचं बोललो, रस्त्याच्या कामाचं बोललो. ती खालपर्यंत सोडायला आली. स्वतः रिक्षा थांबवली, त्याला माझा पत्ता नीट समजावला, मला हात धरून आत बसवलं. मग आत डोकावून म्हणाली, "काका, काही राहिलं का?"

मी खिसे चाचपले. फोन होता, किल्ली होती, छत्री मांडीवर होती.

"नाही गं," मी म्हणालो. "सगळं घेतलंय."